गोळी का राहिली? कर्करुग्णांचा ग्रुप चालवण्याची कृती

कर्करोगाचा मोठा उपचार आता घरातच चालतो. ऑपरेशन झालं, किमो झाली, रेडिएशनची लाईट घेऊन झाली, की माणूस गावी परततो आणि त्याच्या हातात एक गोळी उरते. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल निदान पाच वर्षं, काही जणींना दहा. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिब वर्षानुवर्षं, रोज. लहान मुलांच्या एएलएल ल्युकेमियात दवाखान्यातला जोरकस भाग संपल्यावरही घरच्या गोळ्या चालू राहतात आणि सगळा उपचार मिळून अडीच-तीन वर्षं जातात.

नगर जिल्ह्यातल्या कोल्हारसारख्या गावातून पाहिलं तर डॉक्टर तसे फार लांब नाहीत. लोणीला प्रवरा रुग्णालय आहे, रस्ता सरळ आहे. तरी पुष्कळांची फाइल पुण्याला, नाशिकला किंवा मुंबईला टाटामध्ये असते आणि तारीख तीन महिन्यांनी मिळते. मधल्या नव्वद दिवसांत रोज सकाळी ती गोळी आणि तो माणूस. उपचार तुटतो तो इथे.

किती तुटला तर बिघडतं, याचं उत्तर आहे. २०१० साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सीएमएलच्या ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना चिप असलेली झाकणं बसवली. झाकण केव्हा उघडलं, याची नोंद तीन महिने ठेवली. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत आजाराचा अंश हजारपट खाली जाण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के निघाली. नव्वद टक्के किंवा त्याहून कमी घेतलेल्यांत ती २८ टक्के होती. ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलेल्यांपैकी एकालाही तो टप्पा गाठता आला नाही. महिन्याच्या तीस गोळ्या धरल्या तर नव्वद टक्के म्हणजे सत्तावीस. महिन्याला तीन गोळ्या राहिल्या की आपण त्या रेषेवर येऊन ठेपतो.

मग रोज आठवण करून दिली की झालं, असं वाटणं साहजिक आहे. तेही करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या सातशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत अर्ध्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं मोबाइलवर संदेश पाठवले. २०२० साली निष्कर्ष छापून आला. संदेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या स्त्रियांत गोळी चालू ठेवण्याच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. गोळी विसरल्यामुळे राहते, हा आपला समज अपुरा आहे. पुष्कळदा माणूस ती थांबवतो आणि त्यामागे कारण असतं. ते कारण डॉक्टरला सांगायला संकोच वाटतो, घरी सांगितलं तर बोलणी बसतात. तीच गोळी घेणाऱ्या दुसऱ्या माणसाला मात्र ते सांगता येतं.

आपल्याकडे याचं उदाहरण आहे. मॅक्स फाउंडेशन ही संस्था १९९७ साली अमेरिकेत स्थापन झाली. सीएमएलने गेलेल्या मॅक्स नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ ती उभी राहिली. इमॅटिनिब २००१ साली बाजारात आलं तेव्हा त्याची किंमत सामान्य माणसाला पेलण्यासारखी नव्हती. भारतात या संस्थेमार्फत हजारो रुग्णांना ते औषध मोफत मिळालं. त्या कामातूनच, विजी वेंकटेश यांच्या पुढाकाराने, ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा रुग्णांचा आणि घरच्यांचा गट उभा राहिला. औषध फुकट हातात पडलं तरी माणसं ते नेमाने घेतातच असं नाही, त्यासाठी एकमेकांची सोबत लागते, हे या कामातून दिसलं.

एक मर्यादा आधीच सांगायला हवी. गटाने आयुष्य वाढतं, असं कोणाला सांगू नका. १९८९ साली तसा एक अभ्यास गाजला होता. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाचा ताण आणि वेदना मात्र कमी झाल्या. बरं करायचं काम औषधाचं. ते औषध पोटात जात राहावं, एवढीच ग्रुपची जबाबदारी, आणि ती मोठी आहे.

आता असा फोनवरचा ग्रुप चालवण्याची कृती.

१. आधी दोन माणसं शोधा

एक, तीच गोळी दोन-चार वर्षं घेत असलेला रुग्ण. दुसरी व्यक्ती रुग्णाच्या घरची किंवा निवृत्त नर्स, आशाताई, शिक्षिका, जिला फोनवर बोलायचा कंटाळा नाही अशी. दोघंही ॲडमिन. एकाच माणसावर ग्रुप ठेवू नका, कारण तो रुग्ण आहे आणि त्याची स्वतःची तब्येत कधीही बिघडू शकते.

बाकीची माणसं ओपीडीच्या बाकावर भेटतात. दवाखान्याकडे रुग्णांची यादी मागू नका. ती देणं त्यांना शक्य नाही आणि त्यांनी देऊही नये. उलट तुमचा नंबर आणि चार ओळी लिहिलेला कागद तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे किंवा सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राकडे ठेवा. ज्याला वाटेल तो फोन करील. तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. त्यांना ग्रुपमध्ये घ्यायची गरज नाही, पण असा ग्रुप आहे हे त्यांना माहीत असावं.

२. एक आजार, एक ग्रुप

‘सर्व कर्करुग्णांसाठी’ असा ग्रुप काढला की पहिल्या महिन्यात तो फॉरवर्डचा ढीग होतो. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला अंगातून वाफा निघाल्यासारखं का होतं, हे घशाचा कर्करोग झालेल्या काकांना समजायचं कारण नाही.

सीएमएल लाखात वर्षाला एक-दोघांना होतो. म्हणजे कोल्हार, लोणी, बाभळेश्वर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर असं सगळं धरलं तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं मिळतील. त्यासाठीच फोनवरचा ग्रुप हवा, पारावर बसून ही माणसं एकत्र येणार नाहीत. गरज पडली तर संगमनेर, शिर्डी, नगरपर्यंत जा. दहा ते पंचवीस माणसं पुरेत. त्यापुढे एकमेकांचा आवाज ओळखू येत नाही.

स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगासाठी फक्त स्त्रियांचा ग्रुप करा. पुरुष ॲडमिन असला की अंगावरून जाण्याबद्दल, नवऱ्याजवळ जावंसं न वाटण्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि याच त्रासांपायी गोळी सुटते. लहान मुलांच्या बाबतीत ग्रुप आईबापांचा असावा.

३. विचारल्याशिवाय नंबर जोडू नका

ग्रुपमध्ये आल्यावर नंबर सगळ्यांना दिसतो. त्यामुळे आधी फोन करायचा, ग्रुप कशाचा आहे ते सांगायचं, होकार मिळाला की मगच जोडायचं. होकार रुग्णाचा हवा, त्याच्या मुलाचा नव्हे.

आपल्याकडे बायांचा फोन बहुतेक वेळा घराचा फोन असतो. तो नातवाच्या हातात असतो, सुनेच्या हातात असतो. म्हणून ग्रुपच्या नावात कर्करोग, कॅन्सर, पेशंट हे शब्द नकोत. ‘प्रवरा मैत्रिणी’, ‘सकाळचा चहा’ असं काहीही चालेल. मुलीचं लग्न जमायचं आहे म्हणून आईचा आजार लपवलेली घरं आहेत. हे चूक की बरोबर याचा निवाडा ग्रुपने करू नये. तिची गोळी चालू राहणं महत्त्वाचं.

४. नियम पहिल्याच दिवशी लिहून वर पिन करा

नियम लांबलचक असले की कोणी वाचत नाही. हा नमुना घ्या, हवा तसा बदला, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर आवाजात बोलूनही टाका:

‘नमस्कार. आपण सगळे एकाच आजाराची औषधं घेणारे आहोत. इथे कोणी कोणाला डोस सांगणार नाही, औषध बदला किंवा बंद करा म्हणणार नाही. फॉरवर्ड, देवाचे फोटो, राजकारण, औषधांच्या जाहिराती नकोत. रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकू नका. इथलं बोलणं इथेच राहील. गोळी चुकली तर सांगा, कोणी रागावणार नाही. रात्री नऊ ते सकाळी सात ग्रुप शांत. त्रास जास्त असेल तर ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.’

रिपोर्टचे फोटो नकोत, याला कारण आहे. त्यावर नाव, वय, पत्ता, केसपेपर नंबर सगळं असतं, आणि एकाचा आकडा पाहून दुसरा घाबरतो. नऊनंतर ॲडमिनने ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवतील’ हे बटण चालू करायचं, सकाळी बंद करायचं. नियमात न बसणारा संदेश ॲडमिनला सगळ्यांच्या फोनमधून काढता येतो. तो काढल्यावर त्या माणसाला फोन मात्र करा.

५. रविवारचा प्रश्न

सगळ्या कृतीचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

रोजच्या आठवणीसाठी ग्रुप वापरू नका. त्यासाठी स्वतःच्या फोनचा गजर आणि भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. गोळी गिळली की त्या दिवसाच्या चौकोनात पेनने फुली मारायची. पेन दोऱ्याने कॅलेंडरलाच बांधून ठेवायचं, म्हणजे शोधावं लागत नाही. गोळीच्या पाकिटावर त्या महिन्याची पहिली तारीख लिहून ठेवायची. महिनाअखेर पाकिटात किती उरल्या आणि कॅलेंडरवर किती चौकोन रिकामे, हे जुळलं पाहिजे.

ग्रुपने विचारायचं ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. प्रश्नाची भाषा फार महत्त्वाची आहे. ‘सगळ्यांनी गोळ्या घेतल्या ना?’ असं विचारलं की दहाच्या दहा अंगठे येतात आणि काहीच कळत नाही. विचारायचं असं: ‘या आठवड्यात किती राहिल्या? आणि का राहिल्या?’ गोळी राहू शकते हे धरूनच विचारलं, तर माणूस खरं बोलतो. ॲडमिनने आपलं उत्तर आधी द्यावं. त्याची एक राहिली असेल तर त्याने ती सांगावी. मग बाकीचे बोलतात. टाइप करायची सक्ती नको. अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पुष्कळ आहे, आणि आवाजावरून माणसाची तब्येत कळते ती अक्षरावरून कळत नाही.

कारणं साधारण ठरलेली असतात. प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर आहे.

‘मळमळतं, म्हणून सोडली.’ इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते. अर्ध्या घोटावर, उपाशीपोटी घेतली की ढवळतं. ही गोष्ट डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलेली असते, पण आजाराचं नाव ऐकल्यावर त्या दिवशी पुढचं काहीच डोक्यात शिरलेलं नसतं. तीच गोष्ट सोबतच्या माणसाने पुन्हा सांगितली की लक्षात राहते.

पण इथेच धोकाही आहे. त्याच आजारात काहींना निलोटिनिब असतं. कॅप्सूलच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नसतं. म्हणजे एकाला जेवणासोबत, दुसऱ्याला उपाशीपोटी. दुसऱ्या कर्करोगांतलं केपसायटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. ‘मी असं घेतो, मला काही होत नाही’ हे वाक्य म्हणून ग्रुपमध्ये चालणार नाही. त्याऐवजी ‘तुमच्या चिठ्ठीवर जेवणाआधी लिहिलंय की नंतर, ते बघा. नसेल तर फोन करून विचारा’ असं म्हणायचं.

‘नवरात्र होतं.’ हे कारण आपल्या भागात मोठं आहे. कोल्हार भगवतीमातेचं गाव. घट बसले की घरोघरी नऊ दिवसांचे उपवास सुरू होतात. आजारातून उठलेली बाई तर नवस बोललेली असते. काही जणी उपवासात औषधच घेत नाहीत, काही जणी उपाशीपोटी घेऊन ओकून टाकतात. नऊ दिवस म्हणजे महिन्याचे तीस टक्के. म्हणून हा विषय घटस्थापनेच्या आधी दोन आठवडे काढायचा. उपवास सोड, असं म्हणायचं नाही. तिने डॉक्टरांना विचारायचं: साबुदाणा, भगर, दूध, राजगिरा खाल्ल्यावर गोळी घेतली तर चालेल का, वेळ बदलायची का. एकादशी आणि श्रावणी सोमवारांसाठीही हेच. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांसाठीही हेच, फक्त तिथे पाणीसुद्धा नसतं आणि वेळ सहेरी-इफ्तारीला बांधावी लागते, म्हणून तारखेची वाट न पाहता आधीच विचारायला हवं.

‘आता बरं वाटतंय.’ हे सगळ्यांत अवघड. गोळी घेऊन बरं वाटतंय हे पटायला वेळ लागतो. इथे जुन्या सभासदाने बोलावं. टॅमॉक्सिफेनबद्दल एक आकडा सांगण्यासारखा आहे. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षं ती नेमाने घेतली तर सुरुवातीपासूनच्या पंधरा वर्षांतलं त्या आजाराने मरण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. म्हणजे गोळी थांबल्यानंतरही तिचं काम दिसत राहतं. आज बरं वाटण्याशी त्याचा संबंध नाही.

‘गोळीचा रंग बदलला.’ दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं की लोक नकली समजून बाजूला ठेवतात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीला ग्लिव्हेक, म्हणजे तिच्या इमॅटिनिबच्या, पेटंटबाबत नकार दिला. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन कंपनीच्या विरोधात उभी होती. त्यामुळे इमॅटिनिब अनेक भारतीय कंपन्या बनवतात आणि ते मूळ किमतीच्या कितीतरी खाली मिळतं. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचायचे. ते जुळत असेल आणि पक्कं बिल असेल तर रंगाला घाबरायचं कारण नाही. शंका राहिली तर औषध घेणं न थांबवता पाकिटाचा फोटो आपल्या डॉक्टरांना पाठवायचा.

‘काल राहिली, म्हणून आज दोन घेतल्या.’ हे कोणी बोललं तर त्याच दिवशी थांबवायचं. राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. पुढची ठरलेल्या वेळी घ्यायची, आणि राहिल्याची नोंद ठेवायची. रिपोर्ट वाईट आला तर डॉक्टर औषध बदलायचा विचार करतात. गोळ्याच राहिल्या होत्या हे त्यांना ठाऊक नसेल, तर चालणारं औषध विनाकारण बदललं जातं.

६. कोणत्या त्रासात ग्रुपची वाट पाहायची नाही

किमो चालू असताना ताप १००.४ अंश किंवा त्याहून वर गेला तर. कुठूनही रक्त जात असेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर. टॅमॉक्सिफेन घेताना एकाच पायाला सूज आली आणि पोटरी दुखू लागली, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जायला लागलं तर. डोळे पिवळे झाले तर. यातलं काहीही झालं की आधी डॉक्टर, गाडी नसेल तर १०८, आणि ग्रुपवर नंतर. ही यादीही पिन करा. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडून तिच्यात आपल्या औषधाची भर घालून घ्यावी.

डोळ्याखाली सूज, पायात गोळे येणं, सांधे आखडणं, अंगातून वाफा, थकवा हे त्रास इतके तातडीचे नसतात, पण गोळी सुटते ती यांच्यामुळेच. ‘मलाही असंच होतं’ हे ऐकून माणसाचं अर्धं ओझं उतरतं. तरी तो त्रास फाइलमध्ये लिहिला जाईपर्यंत विषय सोडू नका. बऱ्याच त्रासांवर डॉक्टरांकडे इलाज असतो, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. सांगितलंच नाही तर काही होत नाही.

आणखी एक. मनाच्या आजाराचं किंवा झोपेचं औषध दुसऱ्या डॉक्टरांकडून घेत असाल तर कर्करोगाची चिठ्ठी त्यांना दाखवा. पॅरॉक्सेटिनसारखी काही औषधं टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात. फार उदास वाटू लागलं, जगणं नको वाटू लागलं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

७. तारखा, साठा, तिकीट, पैसा

ॲडमिनने वहीत प्रत्येकाची पुढची तारीख लिहावी. तारखेच्या आधी पाच दिवस त्या व्यक्तीला फोन करावा: कोण बरोबर येणार, रक्त आधी द्यायचं आहे का, फाइल कुठे आहे. ऊसतोडीच्या हंगामात, कांदा काढणीला, लग्नसराईत तारखा चुकतात. ते गृहीत धरून तारीख आधीच बदलून घ्यायला सांगा.

घरात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची खरेदी करायची. दोन दिवसांच्या उरल्यावर नाही. गावातल्या दुकानात ही औषधं नेहमी नसतात, मागवावी लागतात. आपल्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. एकाच गावात दोघांची तारीख जवळ असेल तर एकत्र जा. ग्रुपचा सगळ्यांत ठोस फायदा हा आहे.

प्रवासाचं: उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्री टियरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते तारखेलाच मागून घ्यावं. आपल्याला जवळचं मोठं स्टेशन श्रीरामपूरचं, पाटीवर नाव बेलापूर. एसटीत मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे.

पैशाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो, लाईट यांचे अनेक उपचार बसतात. हेल्पलाइन १५५३८८. कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो, हे आरोग्यमित्राकडून लेखी पाहून घ्या. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर तो आजच दुरुस्त करायला टाका, ॲडमिट झाल्यावर नव्हे. ग्रुपवर मात्र पैसे गोळा करायचे नाहीत. एकदा वर्गणी निघाली की देणारे आणि घेणारे असे दोन तट पडतात, आणि घेणारा माणूस पुढच्या रविवारी गोळी राहिल्याचं सांगत नाही.

८. जो गप्प झाला, त्याच्याकडे जा

गट चालवणाऱ्याचं लक्ष बोलणाऱ्यांकडे असतं. औषध सोडणारा माणूस आधी बोलणं सोडतो. दोन रविवार उत्तर आलं नाही, की ते तब्येतीचं लक्षण समजा.

ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘काका, तुम्ही का बोलत नाही?’ असं विचारू नका. ज्याचं त्यांच्याशी जमतं, त्या एकानेच फोन करावा. फोनवर पहिला प्रश्न गोळीचा नसावा. ऊस गेला का, नात शाळेत जाते का, विहिरीला पाणी आहे का, असं बोलता बोलता ते स्वतःच तिथे येतात. फोन लागला नाही तर घरच्यांना आजाराबद्दल काही न बोलता फक्त निरोप ठेवावा. गाव जवळ असेल तर चक्कर मारावी. प्रवरेच्या अलीकडचा माणूस पुलापलीकडे कोल्हार खुर्दला जाऊन येऊ शकतो.

औषध सोडून दोन महिने झाले असतील तर त्याला बोलणी खायची भीती असते. डॉक्टर रागावतील म्हणून तो तारखेला जातच नाही आणि खंड वाढत जातो. त्याला एवढंच म्हणा: ‘मी येतो तुमच्याबरोबर. सोडलं होतं हे आपण दोघं सांगू.’ आणि खरंच जा. आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, किती खंड पडला ते डॉक्टरांना सांगूनच सुरू करा.

९. काढा, बाबा आणि ‘अमक्याची गोळी बंद झाली’

रुग्ण दुसरे उपाय शोधतो, त्यामागे जगायची इच्छा असते. त्याला मूर्ख ठरवू नका. ज्याने काढा सुरू केला त्याला दोन गोष्टी सांगा: गोळी थांबवू नका, आणि काढ्याची बाटली घेऊन डॉक्टरांना दाखवा. काही वनस्पती यकृतावर ताण आणतात, काही औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलतात. ‘अमुक घेतल्यावर किमोची गरज नाही’ असा संदेश मात्र दिसताक्षणी काढा. त्यात सवलत नाही.

एक बातमी खरी असते आणि तरीही धोक्याची ठरते. सीएमएलमध्ये ज्यांचा आजार कित्येक वर्षं अगदी खोल दबलेला आहे, अशा निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर बंद करून पाहतात. त्यांतल्या साधारण निम्म्यांत आजार पुन्हा डोकं वर काढतो आणि गोळी परत सुरू करावी लागते. म्हणून सुरुवातीला महिन्या-महिन्याला आजाराचा अंश मोजणारी पीसीआर तपासणी असते. ग्रुपमध्ये हे पोहोचतं ते ‘अमक्याची गोळी बंद झाली’ एवढंच. ज्याची बंद झाली त्यानेच त्यामागची तपासण्यांची रांग सविस्तर सांगावी.

१०. कोणी गेलं तर

लपवू नका. घरच्यांना विचारून ॲडमिनने साध्या शब्दांत कळवावं. त्या दिवशी ग्रुप बंद ठेवू नका, उलट खुला ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकेक फोन करा, कारण त्या रात्री बऱ्याच जणांना गोळी घ्यावीशी वाटत नाही. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना लगेच ग्रुपमधून काढू नका. त्यांना हवं तेव्हा ते जातील.

११. तीन महिन्यांनी वही उघडा

किती जणांनी तारीख पाळली, किती जणांच्या महिन्याला तीन किंवा त्याहून जास्त गोळ्या राहिल्या, कोण गप्प आहे. एवढंच मोजा. ग्रुपवर रोज किती संदेश येतात याला किंमत नाही. सहा महिन्यांत एकदा प्रत्यक्ष भेटा. लोणीला ओपीडीच्या दिवशी झाडाखाली भेटलं तरी चालेल.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणाची गोळी चालू असेल तर या रविवारची वाट पाहू नका. आज त्यांना फोन करा आणि ‘घेता ना?’ असं न विचारता ‘गेल्या महिन्यात किती राहिल्या, आणि का?’ असं विचारा. जे कारण सांगतील ते लिहून घ्या आणि पुढच्या तारखेला त्यांच्याबरोबर जा.